ट्रेझर सेफ ३ : पत्त्याची चूक हा छोटा पडदा कुठवर पकडतो?

हार्डवेअर वॉलेट म्हणजे क्रिप्टो नाण्यांची गुप्त किल्ली आत ठेवून व्यवहारावर सही करणारं छोटं यंत्र. त्याबद्दल लिहिताना बहुतेक जण चिप, पिन आणि बॅकअपचे शब्द यांवरच थांबतात. इथे ट्रेझर सेफ ३ एकाच प्रश्नासाठी तपासलं आहे. नाणी पाठवताना पत्ता चुकला, तर हे यंत्र ती चूक पकडतं का? मत आधीच सांगून टाकतो. कॉपी-पेस्टच्या मधल्या वाटेत कुणी पत्ता बदलला, तर पकडतं आणि चोख पकडतं. पण चुकीचा पत्ता तुम्हीच आणलात, नेटवर्क चुकवलंत किंवा टॅग टाकायला विसरलात, तर ते तुमचीच चूक तुम्हाला नीट वाचून दाखवतं आणि बटण दाबायची वाट बघतं. या दोन्ही गोष्टी माहीत असतील तर घ्यायला हरकत नाही. पहिलीच ऐकून घेतलंत तर पस्तावाल.

यंत्र प्रागच्या कंपनीचं, ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेलं. पडदा ०.९६ इंचाचा, एकरंगी ओएलईडी, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. खाली दोन बटणं आणि यूएसबी-सीची खाच. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, कॅमेरा नाही. संगणकावर ट्रेझर स्वीट नावाचं ॲप चालवायचं आणि वायरने जोडायचं. अँड्रॉइड फोनलाही जोडता येतं, आयफोनला जोडून सही करता येत नाही. 'वायर कोण बाळगणार' अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. आम्हाला तो या यंत्राचा गुण वाटतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने लाखाचा व्यवहार उरकायची सोय ज्या वस्तूत नाही, ती वस्तू निम्म्या चुका तिथेच टाळते.

यूपीआयने पैसे पाठवताना नंबर टाकला की समोर नाव येतं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही लाभार्थ्याचं नाव आधी दाखवायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. क्रिप्टोच्या पत्त्यामागे नाव नसतंच. पत्ता रचनेने बरोबर असला की वॉलेट पुढे जातं. तो कोणाचा आहे, किंवा जगात कोणाचा तरी आहे का, हे नेटवर्क विचारत नाही. व्यवहार ब्लॉकमध्ये (नेटवर्कच्या सामाईक खातेवहीच्या पानात) पक्का झाला की परत फिरवणारी शाखा नाही, मॅनेजर नाही.

हाताने पत्ता टाइप करणारे आता फार थोडे. बहुतेक जण कॉपी-पेस्ट करतात, आणि नेमकं तिथेच क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर, बदलणारं मालवेअर बसलेलं असतं. कॅस्परस्कीने २०१७ मध्ये क्रिप्टोशफलर नावाचं असं मालवेअर उघड केलं. २०१८ मध्ये सापडलेलं एक मालवेअर तर २३ लाख बिटकॉइन पत्त्यांवर नजर ठेवून होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ईसेटच्या संशोधकांना गूगल प्लेवरच मेटामास्कच्या नावाने असं ॲप मिळालं. काम साधंच असतं. क्लिपबोर्डवर पत्त्यासारखं काही आलं की ते काढायचं आणि आपला पत्ता ठेवायचा. तुम्ही पेस्ट करता तेव्हा आलेला पत्ता दिसायला नियमात असतो, चेकसमही (लिहिण्यातली चूक ओळखायला पत्त्यातच घातलेला ताळा) बरोबर असतो, त्यामुळे वॉलेट कुरकुर करत नाही.

सेफ ३ चा खरा उपयोग इथे होतो. स्वीटमध्ये पत्ता आणि रक्कम भरून पुढे गेलात की यंत्राच्या पडद्यावर आधी पत्ता येतो, मग रक्कम, मग शुल्कासह एकूण. लॅपटॉपचा पडदा खोटं दाखवू शकतो. यंत्राचा पडदा मात्र ज्यावर सही होणार आहे तेच दाखवतो, कारण सही त्याच्याच आत होते. उजवं बटण दाबत पुढे जायचं, शेवटी दाबून धरायचं. कुठेही शंका आली तर डावं बटण दाबायचं किंवा सरळ वायर उपटायची. सही झालेली नसेल तर काहीही गेलेलं नसतं.

आता बहुतेकांची चूक. ते यंत्रावरचा पत्ता स्वीटमधल्या पत्त्याशी ताडून बघतात. क्लिपबोर्ड बदललेला असेल तर दोन्हीकडे चोराचाच पत्ता असणार आणि तो तंतोतंत जुळणार! यंत्रावरचा पत्ता ताडायचा तो मूळ ठिकाणाशी, आणि ते मूळ ठिकाण शक्यतो दुसऱ्या उपकरणावर हवं. एक्सचेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणी) पाठवत असाल तर लॅपटॉपवर व्यवहार करा आणि एक्सचेंजचं डिपॉझिटचं पान फोनवर उघडा. माणसाला पाठवत असाल तर त्याने पाठवलेला पत्ता फोनवर उघडा ठेवा. लॅपटॉपच्या ब्राउझरमधलं डिपॉझिटचं पानसुद्धा खराब एक्स्टेन्शन बदलून दाखवू शकतं, म्हणून हा दुसऱ्या पडद्याचा खटाटोप.

ताडायचं कसं, तेही सांगायला हवं. स्वीटच्या सेटिंगमध्ये पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. ईथरियमचा किंवा बिटकॉइनचा ४२ अक्षरी पत्ता म्हणजे अकरा गट, शेवटचा दोनच अक्षरांचा. रक्कम लहान असेल तर पहिले दोन, शेवटचे दोन आणि मधले कुठलेही तीन गट. मधले गट दर वेळी वेगळे निवडा. रक्कम मोठी असेल तर अकराच्या अकरा, कागदावर टिचक्या मारत. मिनिटभराचं काम आहे. फक्त टोकाची चार-चार अक्षरं बघणं का पुरत नाही, ते पुढे येईलच.

चेकसमवर लोक फार विसंबतात, म्हणून तो कुठवर साथ देतो ते नाण्यागणिक बघू. बिटकॉइनचे १ ने सुरू होणारे जुने पत्ते आणि ३ ने सुरू होणारे पत्ते बेस५८चेक पद्धतीचे. त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल ही एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हं मुळातच नाहीत. शेवटी चार बाइटचा चेकसम. सहज झालेली टायपिंगची चूक त्यातून निसटायची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. अडचण एवढीच की मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे फोनवर सांगून लिहून घेताना जीव जातो.

बीसी१क्यू ने सुरू होणारे पत्ते याहून बरे. ही बेक३२ पद्धत २०१७ मध्ये पीटर व्होइले आणि ग्रेग मॅक्सवेल यांनी मांडली. चार अक्षरांपर्यंतची चूक हमखास पकडली जाते. सगळी अक्षरं एकाच आकाराची, मोठी आणि लहान मिसळली तर पत्ता सरळ नाकारला जातो. डेटाच्या भागात १, बी, आय आणि ओ वापरत नाहीत. या पद्धतीत एक बारीक खोट निघाली होती. शेवटचं अक्षर पी असेल तर त्याच्या अगदी आधी क्यू वाढला किंवा गळला तरी चेकसम जुळत राहतो. ती बेक३२एम मध्ये दुरुस्त केली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले बीसी१पी चे टॅपरूट पत्ते हीच दुरुस्त पद्धत वापरतात. ते ६२ अक्षरी असल्याने सेफ ३ च्या पडद्यावर एका नजरेत मावत नाहीत. घरगुती वापरासाठी बीसी१क्यू चं खातं पुरे.

ईथरियमची गोष्ट नाजूक. ०एक्स आणि पुढे ४० हेक्स अक्षरं, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ. मुळात चेकसम नव्हताच. २०१६ मध्ये ईआयपी-५५ नावाचा नियम आला आणि ए ते एफ या अक्षरांपैकी कोणती मोठी, कोणती लहान यातच चेकसम लपवला गेला. चुकीचा पत्ता त्यातून निसटायची शक्यता साधारण चार हजारांत एक, म्हणजे बिटकॉइनच्या मानाने पुष्कळच ढिली. आणि पत्ता सगळा लहान अक्षरांत लिहिला की तेवढाही चेकसम उरत नाही. काही वॉलेटं असा पत्ता घेऊन स्वतःच मोठी-लहान अक्षरं करून दाखवतात. त्याने पत्ता 'तपासला' जात नाही. तुम्ही जे काही दिलं, बरोबर वा चूक, त्याचा चेकसम काढून फक्त सजवला जातो. सगळ्या लहान अक्षरांतला पत्ता आला तर समोरच्याकडून मोठ्या-लहान अक्षरांतला मागून घ्या.

सोलानाच्या पत्त्यात तर चेकसमच नाही. तो बेस५८ मध्ये लिहिलेली सार्वजनिक किल्ली असतो, ३२ ते ४४ अक्षरी. तिथे एखादं अक्षर बदललं तरी वॉलेट हरकत घेईलच असं नाही. सोलाना हाताने टाइप करू नये. यावर अधिक बोलायची गरज नाही.

हे सगळं यंत्राच्या आणि ॲपच्या आवाक्यातलं. नेटवर्कची चूक त्याच्या बाहेरची आहे, आणि आपल्याकडे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) पाठवणारे याच खड्ड्यात पडतात. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. नुसतं 'सेक्टर १०' लिहिलं तर कुरिअरवाला वाशीला जाईल की ऐरोलीला, नेरूळला की खारघरला? ईथरियम, बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम या सगळ्यांवर ०एक्सचा पत्ता अक्षरशः तोच असतो. पत्ता पूर्ण ताडला, यंत्रावर अकरा गट जुळले, तरी नाणी भलत्याच नेटवर्कवर जाऊ शकतात. त्यामुळे पत्ता मागताना नेटवर्कचं नाव त्याच निरोपात मागा, आणि एक्सचेंजच्या डिपॉझिटच्या पानावर आधी नेटवर्क निवडा, मग पत्ता उचला. विड्रॉलच्या पानावर तेच नाव शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. शुल्क कमी दिसलं म्हणून तिथल्या तिथे नेटवर्क बदलायचा मोह अनेकांना नडला आहे.

ट्रॉनचे पत्ते टी ने सुरू होणारे ३४ अक्षरी, त्यामुळे ईथरियमशी गल्लत होत नाही, ॲप लगेच नाकारतं. पण तुमचं बहुतेक काम ट्रॉनवरच्या यूएसडीटीचं असेल तर यंत्र मागवण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरची नाण्यांची यादी उघडून बघा. पेटी आल्यावर ही यादी बघण्यात अर्थ नाही.

टोकनांबाबत आणखी एक गफलत होते. कुणी यूएसडीटीचा पत्ता मागितला की माणूस किंमत दाखवणाऱ्या संकेतस्थळावर जातो आणि तिथला कॉन्ट्रॅक्ट पत्ता, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता, उचलतो. तो पत्ता खरा असतो, चेकसम बरोबर असतो, आणि तिथे पाठवलेलं टोकन सहसा कायमचं अडकतं. सेफ ३ ओळखीच्या ईआरसी-२० (ईथरियमवरच्या) टोकनसाठी नाव, रक्कम आणि खरा स्वीकारणारा पत्ता सोडवून दाखवतं. अनोळखी टोकन असेल तर ते अनोळखी असल्याचं सांगतं. दुसऱ्या वॉलेट-ॲपमधून यंत्र जोडून सही करताना नुसता हेक्सचा ढीग दिसू लागला, तर ताडण्यासारखं काही उरलेलं नाही असं समजून मागे फिरा.

टॅग आणि मेमो. एक्सआरपी, स्टेलर, कॉसमॉस अशा नेटवर्कवर एक्सचेंज बहुतेक सगळ्या ग्राहकांना एकच पत्ता देतं आणि पैसे कोणाचे ते टॅगवरून ओळखतं. स्वीटमध्ये एक्सआरपी पाठवताना डेस्टिनेशन टॅगचा वेगळा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तरी व्यवहार पुढे जाऊ शकतो. समोरच्या खात्याने टॅग सक्तीचा केला असेल तरच नेटवर्क व्यवहार नापास करतं. क्यूआर स्कॅन केल्यावर टॅग आपोआप भरला गेला असं धरून चालू नका, कित्येक एक्सचेंजेस पत्त्याचा आणि टॅगचा क्यूआर वेगळा देतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. स्वतःच्या सेफ ३ वर एक्सआरपी मागवताना टॅग लागत नाही. पण पत्ता कोरा असेल तर पहिल्या व्यवहारात किमान १ एक्सआरपी आला पाहिजे, कारण डिसेंबर २०२४ पासून खात्यात अडकवून ठेवावी लागणारी राखीव रक्कम तेवढी आहे. त्याहून कमीचा चाचणी व्यवहार नापास होतो आणि लोक उगाच पत्त्याला दोष देतात.

आता ज्यापुढे सेफ ३ जवळजवळ हतबल आहे, ते. याला ॲड्रेस पॉयझनिंग म्हणतात. ब्लॉकचेनवरचे व्यवहार सर्वांना दिसतात. तुम्ही ज्या पत्त्यावर पाठवता, त्याची सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता ठग तयार करतो आणि त्यावरून तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवतो. ईआरसी-२० टोकनांत तर तुमच्याच पत्त्यावरून त्याच्याकडे शून्य रक्कम गेल्याची नोंद घडवता येते, कारण शून्य रकमेसाठी तुमची परवानगी लागत नाही. आता तुमच्या इतिहासात तो पत्ता बसला. ॲपं जागा वाचवायला मधला भाग टिंबांनी झाकतात, उरलेली टोकं सारखीच दिसतात. पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून कॉपी करता आणि यंत्र प्रामाणिकपणे तोच पत्ता दाखवतं. दोन्ही टोकांची मिळून आठ हेक्स अक्षरं जुळवायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ग्राफिक्स कार्डाला ते फार वेळाचं काम नाही.

मे २०२४ मधलं प्रकरण या धंद्यातल्या प्रत्येकाने तपशिलाने वाचावं. एका मोठ्या खातेदाराचे १,१५५ डब्ल्यूबीटीसी (बिटकॉइनच्या भावाला बांधलेलं ईथरियमवरचं टोकन), तेव्हाच्या भावाने सुमारे ६.८ कोटी डॉलर, एकाच व्यवहारात अशा नकली पत्त्यावर गेले. ०एक्सनंतरची पहिली चार आणि शेवटची सहा अक्षरं खऱ्या पत्त्याशी जुळत होती. त्या खातेदाराने आधी छोटा चाचणी व्यवहार केला होता, तोही बरोबर पत्त्यावर. ठगाने तो व्यवहार बघूनच जुळणारा पत्ता पुढे सरकवला, आणि मोठी रक्कम पाठवताना पत्ता इतिहासातून उचलला गेला. पुढे बोलणी होऊन बरीचशी रक्कम परत मिळाली, पण असं नशीब विरळाच.

म्हणजे चाचणी व्यवहार करायचा तो नेमका कसा, हे ठरवून घ्यायला हवं. आधी पत्ता एका जागी जतन करा. एक्सचेंजवर ती जागा म्हणजे विड्रॉलची मंजूर यादी. काही एक्सचेंजेस नव्या पत्त्यावर २४ तास विड्रॉल रोखतात, तो वैताग सोसावा. सेफ ३ साठी ती जागा म्हणजे तुमची स्वतःची नोंदवही, डिजिटल असो वा कागदी. चाचणी रक्कम एक्सचेंजच्या किमान डिपॉझिटपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर ती पोचूनही जमा होत नाही आणि चाचणीतून काहीच कळत नाही. एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) व्यवहार पक्का दिसला म्हणजे नाणी कुठेतरी पोचली एवढंच सिद्ध होतं. समोरच्याच्या शिलकेत ती दिसेपर्यंत थांबा. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो आणि एक्सचेंजला एकाहून अधिक पुष्टी लागू शकतात, तेव्हा घाईच्या वेळी हे काम काढूच नका. मग मोठी रक्कम पाठवताना पत्ता पुन्हा त्याच जतन केलेल्या नोंदीतून घ्या आणि यंत्रावर पुन्हा पूर्ण ताडा. पहिल्यांदा जुळला होता, हे दुसऱ्या वेळचं प्रमाण नाही. मालवेअर मोठ्या रकमेची वाट बघू शकतं.

इथे सेफ ३ ची मोठी उणीव जाणवते. त्यात पत्त्यांची वही नाही. स्वीटमध्ये पत्त्यांना नावं देता येतात आणि ती नावं कूटबद्ध करून ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवता येतात. पण सहीच्या क्षणी यंत्राच्या पडद्यावर 'वाशीचं खातं' असं काही उमटत नाही, नुसता पत्ता येतो. हवं ते नाव हव्या त्या पत्त्याला यंत्राच्या आतच चिकटवता आलं असतं, तर पॉयझनिंगचा कणा मोडला असता.

नाणी मागवण्याच्या बाजूला मात्र यंत्र उत्तम. रिसीव्हमध्ये पूर्ण पत्ता बघायला गेलात की तो यंत्रावरही येतो. दोन्ही जुळले की मगच समोरच्याला द्यायचा. बिटकॉइनसाठी दर वेळी नवा पत्ता मिळतो, जुनेही चालू राहतात, त्यामुळे 'पत्ता बदलला' म्हणून घाबरायचं कारण नाही. पत्ता पोचवताना व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवला तर फोनचा कीबोर्ड काय करतो तेही बघा. हाताने लिहिताना पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं, बीसी१ मधला बी मोठा होऊन पत्ता बाद ठरतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आकडे देवनागरी पडतात, तेही वॉलेटला चालत नाहीत. कॉपी करताना शेवटी रिकामी जागा किंवा नवी ओळ चिकटली तर काही ॲपं कारण न सांगता पत्ता नाकारतात. या चुका तशा बिनधोक, कारण पैसे जागचे हलत नाहीत. फोनवर पत्ता सांगायची वेळ आलीच तर बी, डी, पी, टी, व्ही यांत घोळ होतो, तेव्हा 'डी फॉर डेल्ही' म्हणायला लाजू नये.

त्यापेक्षा क्यूआर बरा. स्वीट लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने क्यूआर वाचतं, त्यामुळे फोनवरचा पत्ता क्लिपबोर्डला न शिवता आत येतो. क्यूआर वॉलेट किंवा एक्सचेंजच्या ॲपनेच बनवलेला हवा. फुकट क्यूआर बनवून देणारी काही संकेतस्थळं दिलेल्या पत्त्याऐवजी स्वतःचाच पत्ता त्यात भरत असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं होतं. आणि बिटकॉइनच्या क्यूआरमध्ये रक्कमही भरलेली असू शकते, ती बघून घ्या.

पडद्याबद्दल स्पष्ट बोलायचं तर तो लहान आहे. चष्मा लागलेल्या माणसाला अकरा गट वाचताना त्रास होतो, आणि त्रास झाला की माणूस टोकं बघून बटण दाबतो. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आम्ही सेफ ५ सुचवू. त्याचा पडदा रंगीत, स्पर्शाचा आणि १.५४ इंचाचा आहे, किंमत अर्थात जास्त. लेजरचं नॅनो एस प्लस पत्ता दाखवण्याच्या बाबतीत याच पंक्तीतलं, तेवढ्याच ठिपक्यांचा पडदा आणि दोन बटणं. सायफरॉक एक्स१ हा पर्यायही आहे. त्यात किल्लीचे तुकडे यंत्र आणि चार कार्डांत वाटलेले असतात. बॅकअपसाठी ही कल्पना आम्हाला आवडते, पण पत्ता वाचायचा छोटा पडदा तिथेही चुकत नाही. केवळ पत्त्याच्या चुकांसाठी घ्यायचं असेल तर ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा पडद्याच्या आकारावर पैसे घाला.

खरेदी थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिथे नाव असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. स्टेशनबाहेरच्या मोबाईल बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या ॲपवर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. परदेशातून मागवलं तर कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि सीमाशुल्क वेगळं पडतं. पार्सलवर कोणता पत्ता द्यायचा याचाही विचार करा. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २.७२ लाख ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर बाहेर फुटले होते. घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या फ्लॅट नंबरपेक्षा कामाच्या जागेचा पत्ता दिलेला बरा. मात्र ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात काम करत असाल तर यंत्र कार्यालयाच्या लॅपटॉपला जोडू नका. तिथे यूएसबी बहुधा बंद असते, आणि नसली तरी दुसऱ्याच्या ताब्यातल्या संगणकावरून हे काम करायचं नसतं. पेटी उघडल्यावर यूएसबीच्या खाचेवरचं होलोग्रामचं सील शाबूत आहे का ते बघा. नवं यंत्र फर्मवेअरशिवाय, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरशिवाय, येतं. जोडल्यावर स्वीटने फर्मवेअर आधीच आहे असं सांगितलं, किंवा पेटीत बॅकअपचे शब्द आधीच लिहिलेला कागद निघाला, तर ते वापरायला घेऊ नका.

इतकं करूनही चूक झालीच, तर काय हाती लागतं? बिटकॉइनचा व्यवहार अजून ब्लॉकमध्ये गेला नसेल तर जास्त शुल्काचा पर्यायी व्यवहार टाकून तो बदलता येऊ शकतो, तुमचं वॉलेट ती सोय देत असेल तर. ईथरियमवर तोच नॉन्स (व्यवहाराचा क्रमांक) वापरून तसं करता येतं, पण ब्लॉक बारा सेकंदांनी येतो, प्रत्यक्षात वेळच मिळत नाही. नेटवर्क चुकलं आणि ०एक्सचा पत्ता तुमच्याच यंत्राचा असेल तर निश्चिंत राहा. ते नेटवर्क जोडलं की नाणी दिसतात, फक्त हलवण्यासाठी तिथलं मूळ नाणं थोडं शुल्कापुरतं लागतं. पत्ता एक्सचेंजचा असेल तर ट्रान्झॅक्शन आयडी देऊन तिकीट टाका. टॅग विसरलेले पैसे बरेचदा परत मिळतात. भलत्या नेटवर्कवर गेलेले मिळणं एक्सचेंजच्या मर्जीवर असतं, शुल्कही घेतात. टेलिग्रामवर 'रिकव्हरी करून देतो' म्हणणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका, ती दुसरी फसवणूक. कराच्या बाजूनेही दिलासा नाही. नफ्यावर ३० टक्के कर भरताना खरेदीची किंमत तेवढी वजा होते, आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

स्वतःच्या हाताने चुकलेला पत्ता आणि फसवणुकीने बदललेला पत्ता यांत पोलिसांच्या दृष्टीने फरक आहे. मालवेअर किंवा पॉयझनिंगचा संशय असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. प्रत्यक्ष जायची वेळ आली तर ऐरोली, घणसोली, वाशीपासून पनवेलपर्यंतची मंडळी नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, ज्याचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे. ठाणे शहराचं आयुक्तालय वेगळं आणि घोडबंदर ओलांडून काशीमिऱ्याला राहणाऱ्यांचं मीरा-भाईंदर, वसई-विरार हे तिसरं. बरोबर ट्रान्झॅक्शन आयडी, खरा आणि नकली असे दोन्ही पूर्ण पत्ते मजकूर स्वरूपात, नेटवर्कचं नाव, भारतीय वेळेनुसार व्यवहाराची वेळ आणि एक्सचेंजचं स्टेटमेंट न्या. नुसते स्क्रीनशॉट नेऊ नका, त्यात पत्त्याचा मधला भाग टिंबांनी झाकलेला असतो.